जोत्यापासून कातळापर्यंत

आमच्या घराच्या जोत्याचा मागचा कोपरा आणि परसातला काळा कातळ यांच्यात अकरा मीटर चोवीस सेंटीमीटर अंतर होतं. टिकल्या बसवल्या त्या दिवशी ते माप मीच चित्रात घातलं. पुढे पाच वर्षं दररोज पाहिलं. आणि एक दिवस त्यात खोटं लिहिलं. फक्त दोन आकडे, पण लिहिले मी.

आमची वाडी उतारावर आहे. एकूण एकेचाळीस घरं, एकाच्या डोक्यावर एक. डोंगर कोसळण्याआधी काही वर्षं हळूहळू सरकत असतो, वर्षाला नखाएवढा. डोळ्यांना ते दिसत नाही. ते दिसावं म्हणून सरकारने ही योजना आणली. प्रत्येक घराच्या जोत्यात रुपयाएवढी एक चकती बसवली. लोकांनी तिला टिकली म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कागदोपत्रीही गेलं. दोन टिकल्या एकमेकींना रेडिओलहर पाठवतात. लहरीला जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. दिवसात हजारो वेळा मोजून सरासरी काढली की मिलिमीटरपर्यंत बरोबर येतं. अट एवढीच, की एका टिकलीला दुसरी दिसली पाहिजे. मध्ये दगडाची भिंत आली की लहर अडते.

माझं काम चित्राचं. मी वीस वर्षं पाठ्यपुस्तकांच्या आकृत्या काढल्या होत्या, म्हणून मला घेतलं. पडद्यावर वाडीचा नकाशा, त्यात प्रत्येक घराचा आकार, आणि तीन तऱ्हेच्या रेषा. नामरेषा म्हणजे नावापासून वस्तूपर्यंत जाणारी, हे कोणाचं घर ते सांगणारी. मोजरेषा दोन्ही टोकांना बाण असलेली, मध्ये आकडा. आणि जोडरेषा दोन वस्तूंना चिकटलेली. वस्तू हलवली की जोडरेषा तिच्यामागे ताणली जाते, एका टोकाची वस्तू खोडली की ती तुटक होऊन लटकते, दोन्ही खोडल्या की आपोआप पुसली जाते. पुस्तकांच्या काळात चित्रातलं घर मी हलवायची. आता जमीन हलवत होती आणि रेषा तिच्यामागे जात होत्या.

घर मूळ जागेपासून चाळीस मिलिमीटरच्या पुढे सरकलं, की पडद्यावर लाल आणि ग्रामपंचायतीसमोरच्या फलकावरही लाल. चार तासांत रिकामं करून शाळेत जायचं. त्याच्या आत हिरवं. मधला रंग ठेवलाच नव्हता. मधल्या रंगात माणसं मुक्काम करतात, असं तांबोळी मॅडम म्हणायच्या. शबाना तांबोळी या जिल्ह्याच्या अभियंता, या कामावर त्यांची देखरेख.

त्या वर्षी हरितालिकेच्या सकाळी आमची मोजरेषा एकोणचाळीस मिलिमीटर सरकल्याचं दाखवत होती.

श्रीपाद, माझा धाकटा भाऊ, माझ्या पाठीमागे उभा राहून बघत होता. माझं लग्न राहून गेलं, मी त्याच्या आणि वहिनीच्या सोबतच राहते. त्याच्या हातात गणपतीच्या मखराची दोरी होती.

"उद्या चाळीस होणार?" त्याने विचारलं.

"पाऊस असाच राहिला तर परवाच्या आत एकेचाळीस."

"म्हणजे मूर्ती घरात बसवायची आणि दुसऱ्या दिवशी उचलून शाळेत न्यायची. बाकाबाकांत."

मी पुढच्या घराचा आकडा उघडला. उपास होता, आणि उपासाच्या दिवशी मी कमीच बोलते.

"ताई, एकशे बारा वर्षं या घरात गणपती येतोय. आजोबांच्या वेळी प्लेगात गाव उठलं होतं, तेव्हाही एकटे आजोबा मूर्तीजवळ थांबले. आणि मी काय सांगू? यंत्र लाल झालं?" त्याने पडद्याकडे बोट केलं. "तुमच्यात ते हाताने आकडा घालायचं असतं ना?"

असतं. टिकलीवर शेवाळ चढलं, मुंग्यांनी घर केलं, तर ती वेडंवाकडं माप देते. अशा वेळी मोजरेषा वस्तूपासून सोडवायची, टेपने मोजायचं आणि आकडा हाताने लिहायचा. तशी सोय ठेवलेली होती. आणि खरं सांगायचं तर आम्हा रेषा काढणाऱ्यांना ती सोय फार जुनी. पुस्तकाच्या आकृतीत एकोणतीस पॉइंट सहा यायचं, लेखकाला तीस हवे असायचे. कोण सगळी आकृती पुन्हा काढणार? आकड्यावर दोनदा टिचकी मारायची, तीस लिहायचं. रेषा तेवढीच, आकडा वेगळा. सगळेच करायचे, त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं.

"धोका कुणाला आहे?" श्रीपाद म्हणाला. "आपल्यालाच ना? तू, मी आणि ही. तिघं आपल्या मर्जीने राहतोय. गौरी-गणपती गेले की परत चिकटव तुझी रेषा. सहा दिवस, ताई."

देवासाठी मागत होता. दुसऱ्या कशासाठी मागितलं असतं, तर मी नाही म्हटलं असतं, असं मला अजून वाटतं. पण तसं वाटतं म्हणून ते खरंच असेल असं नाही.

मी रेषा सोडवली आणि अडतीस लिहिलं. एकोणचाळीस होतं, तर एकोणचाळीसच का नाही लिहिलं? खोटं बोलताना माणूस थोडी जास्तीची जागा ठेवतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'टिकलीवर शेवाळ. टेपने मोजले.' खाली माझं नाव यंत्राने आपोआप घातलं. मग मी वाळूच्या पिंडीची पूजा करायला गेले.

चातुर्मासात माझा गोपद्मांचा नेम असतो. पाच वर्षांचं व्रत, ते पाचवं वर्ष. रोज पहाटे तुळशीपुढे शेणाने सारवायचं आणि रांगोळीने गाईची तेहेतीस पावलं काढायची. एखाद्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी सहासष्ट. त्यात मी कधी कमी-जास्त केलेलं नाही.

शेण चांदीचं. चांदी ही खालच्या मांडवकरांची गाय, पांढरी, एका कानाला काळा ठिपका. पार्वती मांडवकर रोज पहाटे बादली आमच्या पायरीवर ठेवून जायची. आमच्या जोत्याच्या खाली दोन पुरुष उंची उतरलं की त्यांचा गोठा, आणि गोठ्याला लागून त्यांचं घर.

"ताई, आज पातळ हाय वो," ती कधी खालूनच म्हणायची. "हिला पावसात कवळा चारा गावला."

"चालेल गं. पावलं काय, पातळावर अजून ठळक उठतात."

"तुमी काडलेली पावलं माज्या चांदीपेक्षा देखणी. ती बिचारी फेंगडी चालते."

ते पाच दिवस पाऊस थांबला नाही. मी रोज चित्र उघडायची, एकेचाळीस घरं हिरवी बघायची, बंद करायची. आमच्या अडतीसखाली खरी रेषा जिवंत होती. टिकली मोजत होती, लहरी जात-येत होत्या. एक कळ दाबली असती तर खरा आकडा दिसला असता. मी ती दाबली नाही.

गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी वहिनीने सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवला. केळीच्या पानावर गोग्रास काढला, तो दर वर्षी मीच चांदीला नेऊन देते. पायऱ्या उतरायला लागले तेव्हा खालून आवाज आला. मोठा नव्हता. पोत्यातून धान्य ओतावं तसा.

गोठ्याची मागची भिंत, आमच्या बाजूची, आतल्या बाजूला पडली होती. तिच्यामागून लाल माती गोठ्यात आली होती. पार्वतीचा नवरा दोन्ही हातांनी दगड काढत होता. वासरू बाहेर होतं, ते ओरडत होतं. चांदीचं तोंड दिसत होतं, काळा ठिपका असलेला कान, आणि डोळा उघडा. बाकीचं मातीखाली.

माझ्या हातात पान होतं. पुरणाची पोळी, आळूची भाजी, वरणभात. ते कुठे ठेवावं मला कळेना. पार्वतीने ते माझ्या हातातून घेतलं आणि चांदीच्या तोंडाशी ठेवलं.

"खा गं बाय," ती म्हणाली. "ताईंनी आनलंय."

त्या दुपारी मी खोलीचं दार लावून कळ दाबली. खरा आकडा त्रेसष्ट होता.

तेव्हा मला कळलं की मी काय केलं. खरं तर मला ते आधीपासून ठाऊकच होतं, कारण ती रेषा मीच काढली होती. मांडवकरांच्या गोठ्याला कातळ दिसत नाही. मध्ये आमचं घर येतं. म्हणून गोठ्याचं माप सरळ घेता येत नव्हतं, ते आमच्या मापातून काढायचं. आमचं जोतं कातळापासून किती सरकलं ते घ्यायचं, आमच्यात आणि गोठ्यात किती अंतर कमी झालं ते जोडरेषेवरून बघायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. आमचं घर खाली येत होतं, मधली माती दाबत होतं, गोठा त्या मातीपुढे ढकलला जात होता. जोडरेषा वीस मिलिमीटरने आखडली होती. त्रेसष्टातून वीस गेले, त्रेचाळीस. गोठा लाल व्हायला हवा होता. पण यंत्रापाशी माझे अडतीस होते. अडतीसातून वीस गेले, अठरा. हिरवा.

धोका आपल्यालाच ना, असं श्रीपाद म्हणाला होता. त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबोळी मॅडम आल्या. रेनकोट, गुडघ्यापर्यंत चिखल. गोठ्यात बराच वेळ बसून त्यांनी दगड हातात घेऊन पाहिले.

"आतून कुजलेत," त्या म्हणाल्या. "मापात काही दिसत नाही, अठरावर भिंत पडत नाही. पाणी मुरून पडली असेल." मग माझ्याकडे वळल्या. "वझेताई, तुमचं काम चोख असतं म्हणून बरं. दुसरीकडे असं झालं की आधी मला आकड्यांवर संशय घ्यावा लागतो."

मी मान हलवली. मी फक्त मान हलवली, हे मला लिहायलाच हवं.

"घराच्या मागच्या भिंतीलाही भेग आहे," त्या पार्वतीला म्हणाल्या. "मी तपासून होईपर्यंत आत झोपू नका. कुठे सोय आहे?"

श्रीपाद पायरीवर उभा होता. मनाने तो वाईट नाही. कालपासून जेवला नव्हता.

"आमच्या पडवीत राहा की," तो म्हणाला. "केवढी मोठी पडवी आहे. वासरूही बांधा मागे."

"व्हय," पार्वतीचा नवरा म्हणाला. "तुमचं हिरवं हाय."

मी घरात आले. पाठोपाठ पार्वती आली, मागच्या दाराने, हातात बादली.

"ताई, कालची हाय. सकाळी काडून ठेवलेली, भिंत पडायच्या आदी. आज तुमी पावलं काडली नसाल."

नव्हती काढली.

"तुमच्या नेमाला खंड नको. पाचवं वरीस हाय." तिने बादली ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकली. "मी तिला बाहेर बांधनार व्हते वो. सकाळी भिंतीतनं पानी येताना बगितलं. मग फलकावर बगून आले. हिरवं व्हतं. म्हनलं, यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळतं. आत बांधली. माजीच चूक."

एवढं बोलून ती अंथरुणं आणायला गेली.

मी लॅपटॉप उघडला. श्रीपाद आत आला, त्याने पडदा पाहिला आणि दार लोटून घेतलं.

"ताई. संध्याकाळी विसर्जन आहे. चार वाजता गौरी आणि गणपती घराबाहेर पडतील. मग चिकटव रेषा. पाच तासांचा प्रश्न आहे."

"त्यांचं वासरू मागे बांधतायत, श्रीपाद. जोत्याच्या कोपऱ्यात."

"मी त्यांना काहीतरी सांगून थांबवतो. आता चिकटवलीस तर सगळ्यांना कळेल कधीपासून बंद होती. तुझं नाव आहे तिथे."

"हो."

"माझं नाही आहे," तो हळू म्हणाला. तो सुटकेने म्हणाला की लाजेने, ते त्याच्या आवाजावरून मला कळलं नाही. मग म्हणाला, "मी मागितलं होतं फक्त. आकडा तू लिहिलास."

"तेच म्हणते मी."

गोपद्मांच्या व्रताच्या कहाणीत भाऊ बहिणीला वाचवतो. दर वर्षी वाचते मी ती, पाटावर बसून, हातात तांदळाचे दाणे घेऊन.

मी रेषेचं टोक धरलं आणि जोत्याच्या टिकलीवर नेऊन सोडलं. ते चिकटताना बारीकसा टक असा आवाज होतो. अडतीस गेले. आकडा काही क्षण रिकामा राहिला, मग सहासष्ट आला. आमचं घर लाल झालं. त्याच्याखाली गोठा लाल, मग गोठ्याला जोडलेलं मांडवकरांचं घर लाल. त्याखालचं एक, आमच्यावर अवलंबून असलेलं, तेही. मग पंचायतीसमोरचा भोंगा सुरू झाला.

बाहेर आले तेव्हा पार्वती अंगणात उभी होती, काखेत वळकटी. मागून तांबोळी मॅडम धावत येत होत्या, हातातल्या फोनकडे बघत.

"घरात कुणी राहू नका," मी म्हणाले. "आमचं घर हिरवं नव्हतं. आकडा मी हाताने लिहिला होता. शेवाळ नव्हतं. टेपने मोजलं नव्हतं."

तांबोळी मॅडम थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फोनकडेच पाहत राहिल्या. "हरितालिका," त्या म्हणाल्या. "सकाळी नऊ चौदा." मग मोठ्याने लोकांना हाका मारत खाली गेल्या. माझ्याशी त्या त्यानंतर फक्त कामाचं बोलल्या.

पार्वतीने वळकटी खाली ठेवली. "म्हंजे काल सकाळी," ती म्हणाली, "मी फलक बगायला गेले तवा?"

"तेव्हा तुमचा गोठा लाल असायला हवा होता."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला उभं राहायला काही आधार मिळाला असता. मागच्या दाराने ती आत गेली, आपली बादली घेऊन आली, भरलेली, तशीच. वासराचं दावं सोडलं आणि शाळेच्या वाटेला लागली.

गणपतीला श्रीपादने डोक्यावर घेतलं, गौरींचे मुखवटे वहिनीने पदरात. ते पाच तास देव शाळेच्या बाकावर बसले. लोक येऊन दर्शन घेत होते. कुणी काही वेगळं झालं असं म्हणालं नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी भर दुपारी आमचं घर खाली आलं. जोतं, पडवी, तुळस, सगळं. मांडवकरांच्या घरावर गेलं. दोन्ही घरांत कुणी नव्हतं. लोक मला म्हणाले, बघा ताई, वेळेवर सांगितलंत म्हणून. त्यांना कसं सांगायचं की वेळ सहा दिवस आधी होती.

चौकशी झाली. मी सगळं लिहून दिलं. श्रीपादचं नाव मी लिहिलं नाही. नंतर कळलं, तो एकटाच बसने जिल्ह्याला जाऊन स्वतःचं नाव देऊन आला होता. आम्ही दोघं त्यावर बोललेलो नाही. शाळेच्या एकाच वर्गात, पडद्याच्या दोन बाजूंना राहतो.

गोपद्मं मी काढते. शाळेच्या ओसरीवर, नुसत्या पाण्याने पुसलेल्या फरशीवर, शेण नाही. तेहेतीस. पार्वती वासराला घेऊन त्याच ओसरीखालून जाते. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून त्याचं दावं आखडून धरते. माझ्याकडे बघत नाही. व्रताचं उद्यापन मी केलं नाही. पाच वर्षं पुरी झाली असं मला म्हणवेना.

काम माझ्याकडून काढून घेतलं. चित्र दुसऱ्या बाईंकडे गेलं, गुहागरकडच्या आहेत, आवाजावरून तरुण. हाती देण्याआधी नियमाप्रमाणे चित्र साफ करायचं होतं. जे जमिनीवर नाही ते चित्रातून खोडायचं. मी आमचं घर खोडलं, त्याबरोबर कातळापर्यंतची मोजरेषा गेली. मांडवकरांचं घर खोडलं. गोठा राहिला.

त्या नव्या बाईंचा परवा फोन आला.

"वझेताई, एक विचारायचं होतं. इथे एक गोठा आहे, टिकली मुकी आहे. त्याची जोडरेषा तुटक दिसतेय आणि दुसरं टोक कुठेच चिकटलेलं नाही. चुकून राहिलं का? खोडू?"

"गोठा खोडलात तर रेषाही जाईल," मी म्हणाले.

"हो, म्हणूनच विचारते."

"चुकून नाही राहिलं. त्याला एक नामरेषा लावायची राहिली होती, ती तेवढी लावा. मी सांगते काय लिहायचं."

पलीकडे त्यांनी कळफलक पुढे ओढल्याचा आवाज आला. मी त्यांना चांदीचं नाव सांगितलं, तारीख सांगितली, त्रेचाळीस हा आकडा सांगितला, आणि मग माझं नाव, आडनावासकट, अक्षर अक्षर सुटं करून.